कानोसा

दुकान क्रमांक तीनशे सतरा, योंगसानचा तिसरा मजला.
शेजारची सहा शटरं दोन वर्षं खाली आहेत.
माझं वर, कारण भाडं निम्मं झालंय
आणि घरी मला बसवत नाही.

आज एक पोरगा आला, ओक दो-ह्यॉन नावाचा,
कपाळभर मुरमं, काखेत स्वतःचा कीबोर्ड.
म्हणाला, आजोबा, पावलं ऐकू येत नाहीत.
कुणाची?
मला मारायला येणाऱ्यांची.

खेळातल्या म्हणे. मागून येतात, जिन्यावरून,
आणि मेल्यावर कळतं की आले होते.

मग मी टेबलावर मांडामांड केली.
आधी नुसतं मदरबोर्डच्या पोटातलं, फुकटचं.
त्यात माऊस हलवला की कानात
खरोखरचा उंदीर चिरकतो.
मग खेळासाठीचं कार्ड. लाल दिवा, पत्र्याची ढाल, खोक्यावर ड्रॅगन.
पावलं फुगवून सांगतं,
दार लागलं तरी तोफ उडाली म्हणतं,
चाळभर बातमी नेणाऱ्या बाईसारखं,
पण बातमी पोचते हे खरं.
तिसरं मुकं दिसतं. दिवा नाही, चित्र नाही.
आवाज आणि खरखर यांच्यात एकशे चोवीस डेसिबलचं अंतर,
म्हणजे, मी गिऱ्हाइकांना सांगतो,
सुई पडली तर टोकावर पडली की नेढ्यावर,
तेही कळेल.

असली वाक्यं मी तीस वर्षं विकतोय.
आणि मला स्वतःला त्यातलं आता काही कळत नाही.
नऊ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं
कानांनी हळूहळू बंद केलं,
या मजल्यासारखंच, एकेक शटर.
झांजा गेल्या, रातकिडे गेले,
मग बायकोच्या बोलण्यातले स आणि श.
(ती म्हणते, मुद्दाम करतोस.)

म्हणून मी कार्डं ऐकत नाही.
ऐकणाऱ्याकडे बघतो.

पोरानं हेडफोन चढवला.
पहिल्यावर कपाळाला आठी.
दुसऱ्यावर हसू, खांदे वर, तिघांना लोळवलं.
तिसऱ्यावर काहीच नाही.
अर्धा मिनिट काहीच नाही, पापणीसुद्धा नाही,
आणि मग त्याची मान वळली,
मागे, डावीकडे, जरा खाली,
जिथे जिना होता. त्याच्या खेळातला.
माझ्या इथे तिथे शटर आहे, समोरच्या मा बाईंचं,
त्यावर चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
तो त्या शटरकडे बघत राहिला,
आता कुणीतरी उघडेल अशा बेतानं.
मीही बघितलं. काय करणार.

तिसरं घे, म्हणालो.
त्यानं खोक्याचा फोटो काढला,
कमरेत वाकून आभार मानले आणि निघाला.
नेटवर वीस हजार वॉन स्वस्त पडतं,
मलाही ठाऊक आहे.
जाता जाता मान पुन्हा एकदा वळली,
लाल दिव्याकडे.

रात्री कुलपाआधी मी खालच्या खणातलं जुनं कार्ड काढतो,
सत्त्याण्णव सालचं, पंजाहून लांब.
तेव्हा लोक यासाठी पहाटे जिन्यात रांग लावायचे,
आणि मी चहा विकणाऱ्याला वर पाठवायचो.
त्याच्याच वयाच्या मशीनमध्ये खोचतो.
काही न वाजवताही ते काहीबाही बोलत राहतं,
डिस्क फिरली की घरघरतं,
पडदा हलला की कण्हतं.
तक्त्यात या सगळ्याला दोष म्हणतात.
नेमका तेवढाच आवाज माझ्या उरलेल्या कानात मावतो.

तिसऱ्या कार्डाची शांतता
आणि माझी शांतता
मला वेगवेगळी ओळखता येत नाही.
ही खरखर मात्र येते. डावीकडून थोडी जास्त.

फोन वाजतो. बायको काहीतरी विचारते,
मासे आणू की माळे, असलं काहीतरी.
मी हो म्हणतो,
दोन्हींना पुरेल असं.